तिसऱ्या पानावरचा होकार

मासिकांचा गठ्ठा मंगळवारी सकाळी आला. धाकटीनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजीच्या सुरीनंच फोडला आणि चहा निवत ठेवून वरचं मासिक उघडलं, कारण तेरा महिने परक्या देशात, परक्या भाषेत सेवा केल्यावर मराठी अक्षरं दिसली की ती जाहिरातीसुद्धा चाटूनपुसून वाचायची. तिसऱ्या पानावर तिचाच फोटो होता. ती कोपऱ्यात, अर्धी कापलेली. मधोमध ती दर मंगळवारी ज्यांच्याकडे जायची ते शिंपी आजोबा, मान खाली, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर जवळजवळ जोडल्यासारखे. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘शहात्तराव्या वर्षी प्रकाश! आयुष्यभर देवाला नाकारणाऱ्या वृद्ध शिंप्यानं आमच्या तरुण सेविकेसमोर गुडघे टेकून प्रभूला होकार दिला.’ हे कुणीतरी दुसरेच आजोबा असावेत असं तिला क्षणभर खरोखर वाटलं. मग तिनं ते हात नीट पाहिले. ते जोडलेले नव्हते. त्यांच्यामध्ये कोटाचं काळं अस्तर होतं आणि आजोबा अंगठ्यानं शिवण चाचपत होते. दिसत नसल्यामुळे ते नेहमी तसेच चाचपायचे, डोळे मिटून, मान वाकवून. छपाईत अस्तर काळ्या पँटीत मिसळून गेलं होतं. आणि गुडघे! आजोबांचे गुडघे स्वतःच्या घरचा जिना चढतानाही वाकत नव्हते.

घरी तिला सगळे धाकटी म्हणत आणि इथं आल्यावर ताईनंही तेच उचललं होतं. ताई म्हणजे तिची जोडीदारीण. या कामात एकटं कुणी फिरायचं नाही असा नियम होता. दोघींनी एका खोलीत राहायचं, सोबत उठायचं, सोबत दारं वाजवायची. ताई एकतीस वर्षांची, सेवेत सहा वर्षं मुरलेली, पित्तानं हैराण, मनानं वाईट मुळीच नाही. ती मोजे वाळत घालत होती तेव्हा धाकटीनं मासिक तिच्या नाकासमोर धरलं.

“अगंबाई, छान आलाय की,” ताई म्हणाली. “मीच काढला होता. तू जरा कापली गेलीस.”

“ताई, खालचं वाच.”

ताईनं वाचलं, आणि ओल्या मोज्याची घडी घालायला लागली. “मी फक्त फोटो पाठवला होता. खालचं पाळकसाहेबांनी लिहिलं असेल.”

“ते नाही म्हणालेत! दर मंगळवारी नाही म्हणतात. तू खुर्चीवर बसलेली असतेस तिथे!”

“ओरडू नकोस. खालचे ऐकतील.”

“खालच्यांना मराठी येत नाही!”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि धाकटी स्वतःच थांबली. तेरा महिन्यांत ती पहिल्यांदा ओरडली होती. इथल्या भाषेत तिला ओरडता यायचं नाही. त्या भाषेत तिला शिकवली होती ती फक्त मऊ वाक्यं. आपला दोन मिनिटं वेळ घेऊ का. काही हरकत नाही. आपला दिवस चांगला जावो. कृपा, क्षमा, तारण हे शब्द पहिल्या महिन्यातच पाठ झाले होते, पण बसमध्ये पायावर पाय देऊन जाणाऱ्याला काय म्हणायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी साडेपाचला उठायचं, प्रार्थना, शास्त्रवाचन, गार पाण्यानं तोंड, आणि नऊ वाजता बाहेर. एकेक इमारत वरून खाली करायची, म्हणजे दम आधीच लागून जातो आणि मग उतरणं सोपं. घंटा दाबायची, एक पाऊल मागं सरकायचं, हसायचं. दारापलीकडून पावलं येतात, भोकाला डोळा लागतो, भोक काळं होतं, आणि पावलं परत जातात. कुत्र्यांचं भुंकणं. आंघोळ अर्धवट टाकून आलेला, खांद्यावर साबणाचा फेस असलेला एक माणूस, त्यानं तिचं वाक्य संपेपर्यंत ऐकून घेतलं होतं आणि मग इतक्या शांतपणे दार लावलं होतं की तिला दिवसभर तो फेसच दिसत राहिला. रात्री तक्त्यात आकडे भरायचे: वाजवलेली दारं, उघडलेली दारं, ऐकणारे, पुन्हा बोलावणारे, आणि शेवटचा रकाना, होकार. तिच्या तक्त्यात तो रकाना तेरा महिने रिकामा होता. पाळकसाहेब त्याबद्दल कधी बोलले नव्हते. फक्त तक्ता हातात घेतला की त्या रकान्याजवळ त्यांचं बोट जरा रेंगाळायचं.

आजोबांचं दार आठ महिन्यांपूर्वी उघडलं होतं, तेही चुकून. त्यांना वाटलं होतं की औषधवाला आला. चौथ्या मजल्यावर एक खोली, खिडकीपाशी पायाचं शिलाई मशीन, भिंतीला अडकवलेले कोट. पूर्वी त्यांचं दुकान होतं. आता नजर गेल्यावर ते जुन्या गिऱ्हाइकांची अस्तरं, मोडलेले काठ, सुटलेल्या गुंड्या एवढंच करायचे, हातानं, बोटांच्या भरवशावर. टाका त्यांना न बघता जमायचा. जमत नव्हतं ते सुईत दोरा ओवणं. पहिल्या दिवशी त्यांनी धाकटीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझे डोळे चांगले आहेत का?” तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी ती त्यांना तीस सुया ओवून द्यायची, काळ्या पंधरा, पांढऱ्या दहा, राखाडी पाच, आणि रंगाप्रमाणे उशीवर तीन रांगांत खोचून ठेवायची. आठवडाभर ते त्यावर काम करायचे. मोबदल्यात ते म्हणायचे, “हं, तुझी वीस मिनिटं सुरू कर.” ती शास्त्रातलं वाचायची, ताई खुर्चीत बसून पुटपुटत प्रार्थना करायची, आणि वीस मिनिटं झाली की आजोबा म्हणायचे, “तू चांगलं वाचतेस. तुझे व्यंजनांचे उच्चार भयंकर आहेत. आणि माझं उत्तर नाही.” या ‘नाही’ची तिला सवय झाली होती. खरं तर मंगळवारी त्या खोलीत तिला जेवढं मोकळं वाटायचं तेवढं प्रार्थनागृहातही वाटत नसे, पण हे तक्त्यात लिहायला रकाना नव्हता. तिनं दर वेळी त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘आशादायक.’ चहा गार होत असताना तिला हा शब्द आठवला आणि रागाचं तोंड एकदम स्वतःकडे वळलं. आठ महिने, बत्तीसेक मंगळवार, तिनं स्वतःच्या हातानं ‘आशादायक’ लिहिलं होतं. पाळकसाहेबांनी केवळ पुढचा शब्द लिहिला.

पाळकसाहेब, इथल्या सेवाकार्याचे प्रमुख, केंद्राच्या पहिल्या मजल्यावर बसत. त्यांचा चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. बोलताना ते समोरच्याला ‘बेटा’ म्हणत आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवत. धाकटीनं मासिक टेबलावर ठेवलं तेव्हाही त्यांनी आधी ग्लास सरकवला.

“मला कळतंय बेटा,” ते म्हणाले. “तुला संकोच वाटतो. स्वतःचं कौतुक छापून आलं की असं होतं.”

“हे खोटं आहे.”

“खोटं नाही. होणारच आहे ते. आपण थोडं आधी लिहिलं.”

“आणि नाही झालं तर?”

“घरची मंडळी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतात. त्यांना काहीतरी दिसायला हवं ना? अशा एका फोटोनं किती तरुणांना हाक ऐकू येते, तुला कल्पना नाही.”

“आजोबांना काय सांगू?”

पाळकसाहेब हसले, अगदी मायेनं. “कशाला सांगतेस? त्यांना दिसत नाही, आपली भाषा येत नाही. त्यांचं त्यात काय जातं?”

धाकटी उठली. बसून राहिली असती तर तो ग्लास तिनं फेकला असता, असं तिला नंतरही कित्येक दिवस वाटत राहिलं. जिन्यावर येऊन ती कठड्याला धरून उभी राहिली. तरुणांना हाक ऐकू येते. ती बारा वर्षांची होती तेव्हा याच मासिकात एक फोटो आला होता: कुठल्या तरी दूरच्या गावात दगडी पायरीवर बसलेली एक बाई, तोंड पदरात, शेजारी पांढऱ्या झग्यातली सेविका, आणि खाली, ‘पश्चात्तापाचे अश्रू.’ पप्पा रविवारी उपासना संपल्यावर मंडळीसमोर उभे राहून मासिक वाचून दाखवायचे. पप्पा वीजमंडळात तारतंत्री होते, आठवडाभर खांबांवर चढायचे, पण रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते मासिक हातात धरलं की त्यांचा आवाज निराळाच व्हायचा, भरदार, थोडा कापरा. त्या दिवशी ‘पश्चात्तापाचे अश्रू’ म्हणताना तो इतका कापला की धाकटीच्या अंगावर काटा आला, आणि तिनं तिथल्या तिथं ठरवलं, आपण जायचं. लग्नाची स्थळं, नर्सिंगचा प्रवेश, सगळं त्या फोटोमागं मागं पडत गेलं. आता जिन्यावर तिला तो फोटो रेषान् रेष आठवला. ती बाई कशासाठी रडत होती? तिचा दात दुखत असेल. तिचं पोर गेलं असेल. कदाचित ती रडतच नसेल, उन्हानं डोळे झाकून बसली असेल. तिला कुणी विचारलं होतं का? धाकटीनं अकरा वर्षं ज्या खुंटीला आपलं सगळं आयुष्य टांगलं होतं ती खुंटी कुणीतरी टेबलाशी बसून, पाण्याचा ग्लास बाजूला ठेवून, पेनानं काढलेली असू शकत होती. तिचे कान इतके तापले की तिनं ते कठड्याच्या गार लोखंडाला टेकवले.

दुपारी दोघी आजोबांकडे गेल्या. ताई वाटभर सांगत होती की सोड, महिन्याभरानं पुढचं मासिक येईल, लोक विसरतात. धाकटी दोन पावलं पुढेच चालत होती. वर गेल्यावर तिनं नेहमीप्रमाणे सुया ओवल्या. तीसच्या तीस. सांगायचं धाडस होत नव्हतं म्हणून एकेक दोरा ती गरजेपेक्षा हळू ओवत होती, आणि हे भित्रेपण तिला कळत होतं. आजोबा मांडीवर कोट घेऊन बसले होते. “आज तू बोलत नाहीस,” ते म्हणाले. “घरून वाईट बातमी?”

मग तिनं सांगितलं. मासिक, फोटो, खालचा मजकूर. इथल्या भाषेत ‘होकार’ आणि ‘गुडघे टेकून’ हे शब्द तिला उत्तम येत होते, ‘खोटं छापलं’ म्हणायला मात्र शब्द सापडेना, म्हणून ती म्हणाली, “ते लिहिलं ते नाही झालं.”

“पुन्हा सांग,” आजोबा म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. ‘गुडघे टेकून’ला ते हसले, खाकरल्यासारखं. “माझे गुडघे!” मग हसू गेलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले, जणू तिथं काही दिसतंय.

त्यांच्या बायकोबद्दल त्यांनी थंडीच्या दिवसांत एकदा सांगितलं होतं, सुया मोजता मोजता. ती भाविक होती. चाळीस वर्षं दर आठवड्याला एकटी उपासनेला गेली, आणि परत आली की डोक्यावरचा रुमाल सोडत विचारायची, पुढच्या वेळी येशील? ते नाही म्हणायचे. भांडण नाही, काही नाही. ती चहा टाकायची. शेवटच्या आजारात खाटेवरून तिनं पुन्हा विचारलं. “हो म्हणालो असतो तर सुखानं गेली असती,” आजोबा म्हणाले होते. “जीभ टाळ्याला लावली होती मी, हो म्हणायला. पण ती माझं खोटं लगेच ओळखायची. चाळीस वर्षं मी तिला दुसरं काही देऊ शकलो नाही. खरं तेवढं दिलं. म्हणून नाही म्हणालो. तिनं माझा हात थोपटला.” ताईनं त्या दिवशी वाटेत म्हटलं होतं, केवढं पाषाणहृदय! धाकटीला तसं वाटलं नव्हतं, पण काय वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

“तिला नाही दिलं,” आजोबा आता हळू म्हणाले, “ते मी तुला दिलं? असं छापलंत तुम्ही? आठ महिन्यांच्या ओळखीच्या पोरीला?”

“आजोबा, मी नाही...”

“तू त्यांना काय सांगत होतीस माझ्याबद्दल? दर आठवड्याला खाली जाऊन काय लिहीत होतीस?”

तिनं उशीवरची शेवटची सुई सरळ केली. मग म्हणाली, “आशादायक.”

आजोबांनी उशी ओढून घेतली. पहिली सुई चाचपून काढली, दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढून दोरा काढून टाकला. सुई परत खोचली. दुसरी काढली. धाकटीला आधी कळेना ते काय करतायत. पांढरी रांग संपली, राखाडी सुरू झाली. दोरे त्यांच्या पायाशी पडत होते. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. काम करताना जशी चालायची तशीच बोटं चालत होती. एक सुई निसटून जमिनीवर पडली, धाकटी वाकली, तेव्हा ते म्हणाले, “हात लावू नकोस.” आणि स्वतः खुर्ची धरून, त्या न वाकणाऱ्या गुडघ्यांनी कसेबसे खाली बसून, फरशीवर तळवा फिरवत त्यांनी ती शोधली. बोटाला टोचली. रक्त चोखून त्यांनी तिचाही दोरा काढला. ताई खुर्चीत रडत होती. भिंतीवर पाच कोट टांगलेले होते, आठवडाभराचं काम, आणि तीसही सुया रिकाम्या झाल्या होत्या.

“मी काय करू?” धाकटीनं विचारलं.

“ज्यांनी वाचलं त्यांना सांग. मी नाही म्हणालो. आता जा.”

रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, “सांगायची काय गरज होती? सुखात होते बिचारे.” धाकटी वळली आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिला म्हणाली, “ताई, तू सहा वर्षांत किती फोटो पाठवलेस?” ताईचं तोंड उतरलं. दोघी बसथांब्यापर्यंत मागंपुढं चालत राहिल्या, आणि तो दिवस संपेपर्यंत ताईनं एकही दार वाजवलं नाही.

थांब्यावरूनच धाकटीनं घरी फोन लावला. पप्पांनी उचलला आणि ती बोलायच्या आत म्हणाले, “वाचलं, वाचलं! रविवारी मंडळीत वाचून दाखवलं. म्हातारी माणसं रडली गं. मला दोनदा वाचायला लावलं.”

“पप्पा, ते खोटं आहे.” तिनं सगळं सांगितलं. “येत्या रविवारी उभं राहून सांगा की ते नाही म्हणाले.”

मग पप्पांचा खांबांवर चढणारा, रविवारचा नसलेला आवाज आला. “असं कसं सांगू? लोक म्हणतील पोरीनं काहीतरी घोळ घातला. तुला परत पाठवतील. मंडळीत मला तोंड दाखवायला जागा राहील का?”

“तुमच्या तोंडाचं पडलंय तुम्हाला?” असं ती पप्पांना जन्मात बोलली नव्हती. “म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही दोनदा खोटं घातलंत, आवाज कापवून कापवून!”

“तुला काय झालंय? तिथे जाऊन हेच शिकलीस?”

मग खरखर झाली, भांडं ठेवल्याचा आवाज, आणि फोनवर आई आली. आई सरकारी इस्पितळात आया होती. वीस वर्षं बेडपॅन आणि चादरी. मंडळीत ती मागच्या बाकावर बसायची आणि गाणीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची. “माझा हात ओला आहे, थांब,” ती म्हणाली. “हं. पेन घेतलं. काय म्हणाले ते, नीट सांग. शब्दान् शब्द सांग.”

“आई, तू...”

“मरायला टेकलेल्या बायकोला नाही म्हणाले, असंच ना? सांग. वॉर्डात माणसं जाताना किती जण काय काय कबूल करून घेतात त्यांच्याकडून, मी बघते रोज. सही कर, हो म्हण, माफ केलं म्हण. त्या माणसाचा अंगठा दुसराच कुणी धरलेला असतो. सांग तू.”

धाकटीनं सांगितलं, थांबत थांबत. मागून पप्पा काहीतरी बोलत होते. आई म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा,” आणि लिहीत राहिली.

रविवारी आईनं वाचलं. पाच ओळी. हे धाकटीला आईकडूनच कळलं, सोमवारी. मासिक वाचनाच्या वेळी पप्पा उठलेच नाहीत, बुटांकडे बघत बसून राहिले, तेव्हा मागच्या बाकावरून आई उठली. आधी लोकांना वाटलं तिला घेरी आली. “कागद असा हलत होता की मलाच दिसेना,” आई म्हणाली. “पण मला पाठ झालं होतं.” दोघं-तिघं उठून गेले. तिथल्या पाळकांनी घाईनं गाणं सुरू केलं. पप्पा तिच्याशी तेव्हापासून बोललेले नव्हते, जेवले मात्र तिच्याच हातचं. “रागावू दे,” आई म्हणाली. “मीसुद्धा रागावले आहे.” आईला राग येतो, ही गोष्ट धाकटीला तेवीस वर्षांत माहीत नव्हती.

त्याच संध्याकाळी, मंडळीतली बातमी पोचताच, पाळकसाहेबांनी तिला बोलावलं. गुरुवारचं परतीचं तिकीट काढलं होतं. आवाज तसाच मऊ होता, ग्लासही होता. “तू थकली आहेस बेटा. थोडी विश्रांती घे. कारण आम्ही तब्येत असं लिहिलंय.”

“तेही खोटं लिहिलंत,” धाकटी म्हणाली, आणि पाणी न पिता बाहेर आली.

मंगळवारी ती एकटीच गेली. नियम मोडून, तेरा महिन्यांत पहिल्यांदा. ताईनं विचारलं नाही आणि अडवलंही नाही, नुसती दारात उभी राहून बघत राहिली. चौथ्या मजल्यावर तिनं घंटा वाजवली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, दारामागे थांबली.

“मी आहे,” ती म्हणाली.

तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. दाराला कपाळ लावून तिनं त्यांच्या भाषेत सांगायला सुरुवात केली, तयारीशिवाय, चुका करत, काळ चुकवत. आई उभी राहील, नाही, उभी राहिली. लोकांसमोर वाचलं. की तुम्ही नाही म्हणालात. बायकोला नाही म्हणालात, मला नाही म्हणालात. की फोटोत अस्तर आहे.

आतून आजोबांनी विचारलं, “किती माणसं होती?”

“सत्तर. ऐंशी.”

“मोठ्यानं वाचलं?”

“आईचा आवाज बारीक आहे,” धाकटी म्हणाली. “पण पुढच्या बाकावरचे वळून बघत होते म्हणे.”

“हं,” आजोबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “हं.” मग पावलं आत गेली, खुर्ची करकरली.

दार उघडलं नाही. ते उघडावं असं तिला फार वाटत होतं, आणि असं वाटल्याचा तिला राग आला, कारण दार उघडावं म्हणून ती आली नव्हती. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. तिनं कपाळ दारापासून काढलं, दप्तर खांद्यावर घेतलं आणि जिना उतरायला लागली, मधल्या मजल्यांवरच्या एकाही घंटेला हात न लावता.